कॅमेऱ्याला आधी करडं दाखव

अगं, तू पाठवलेले साड्यांचे फोटो निवांत बसून बघितले. मांडणी छान जमलीये. पदराच्या निऱ्या नीट पडल्यात, उजेड मऊ आहे, सावल्या कुठे टोचत नाहीत. पण माय, एकच कोसा साडी तीन फोटोंत तीन रंगांची दिसून राहिली आहे! पहिल्यात राखाडी, दुसऱ्यात पिवळीधमक आणि तिसऱ्यात चक्क गुलाबीकडे झुकलेली. त्यावर तू मला विचारतेस, "ताई, नवे लाइट घेऊ का?" नको. खिशात हात घालण्याआधी जरा माझं ऐक.

या फरकात तुझ्या लाइटचा दोष नाही. घोळ ऑटो व्हाइट बॅलन्सने घातलाय. फोटो पुन्हा उघड आणि साडी सोडून आजूबाजूला बघ. पहिल्या फोटोत तू काठ जवळून टिपायला पूर्ण चौकट कोशाने भरलीस. कॅमेऱ्याला वाटलं, सगळंच सोनेरी दिसतंय म्हणजे उजेडच पिवळा असणार. मग त्याने निळं मिसळलं आणि कोशाचा जीव गेला. दुसऱ्या फोटोत मागे निळा पडदा आहे, तिथे त्याने उलट पिवळं ओतलं. तिसऱ्यात शोभेसाठी केळीचं पान ठेवलंस. हिरवं खूप झालं असं धरून त्याने मजेंटा वाढवला आणि साडी गुलाबी झाली. उजेड तिन्ही वेळा तोच होता, फक्त कॅमेऱ्याचा अंदाज दर फोटोला बदलला.

आपले डोळे हा हिशेब परस्पर करून टाकतात. पिवळ्या बल्बखाली बसलो तरी पांढरं धोतर आपल्याला पांढरंच वाटतं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात हे तुला माहीत आहेच. जुना पिवळा बल्ब साधारण २८००, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास, मोकळ्या आभाळाखालची सावली ७००० किंवा त्याच्याही वर. स्टुडिओचा फ्लॅश उन्हाच्या जवळपास असतो, पण नेमका किती ते तुझा लाइट, तुझा सॉफ्टबॉक्स आणि तुझी खोली मिळून ठरवतात. म्हणून कॅमेऱ्यातलं ते विजेच्या चिन्हाचं 'फ्लॅश' सेटिंगसुद्धा पुरत नाही. त्यात कंपनीने एक सरासरी आकडा भरून ठेवलेला असतो. तुझ्या सक्करदऱ्याच्या खोलीचा हिशेब तूच करायचास.

आणि कोशाच्या बाबतीत हा हिशेब टाळून चालतच नाही. आपल्याकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोसा रेशमाच्या अळ्या वाढतात. आपले ढीवर लोक त्या वाढवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. त्या कोशातून निघणाऱ्या धाग्याला मुळातच मधाचा, वाळल्या गवताचा रंग असतो. तुतीच्या रेशमासारखा तो पांढराशुभ्र नसतो, आणि कोशांच्या एका खेपेचा रंग दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. आंधळगावच्या विणकराकडची साडी आणि दुसऱ्या गावची साडी शेजारी ठेव, फरक डोळ्यांना दिसतो. करवती काठाची साडी असेल तर आणखीच जपायला हवं. तीन धोटे चालवून काठाचा गडद रंग अंगाच्या नैसर्गिक रंगात दाते घालून अडकवलेला असतो, आणि त्या साडीची सगळी मजा या दोन रंगांच्या सांध्यात आहे. अंग राखाडी झालं की दाते बोथट दिसतात. अंग पिवळं झालं की गिऱ्हाइकाला वाटतं धागा रंगवलेला आहे. मग साडी परत येते, आणि नुकसान कोणाचं होतं? ज्याने महिनाभर मागावर पाय चालवले त्याचं. फोटो काढणारीला कोणी विचारतही नाही. म्हणून मला हे मनापासून सांगावंसं वाटतं बघ.

आता काय करायचं ते सांगते. एक ग्रे कार्ड घे, व्हाइट बॅलन्ससाठी बनवलेलं, सगळ्या बाजूंनी सारखं करडं. ते काही महाग नसतं. पाकिटातच ठेवायचं, हळदीकुंकवाच्या हाताने धरायचं नाही, खिडकीत उन्हात विसरायचं नाही. साडी जिथे अंथरली आहेस किंवा टांगली आहेस नेमकं तिथेच कार्ड ठेव, साडीच्याच पातळीत, तोंड कॅमेऱ्याकडे. चमक मारत असेल तर किंचित कलतं कर. मॉडेल असेल तर तिला हनुवटीखाली धरायला लाव. पण लाइट आधी पूर्ण लावून घे, पॉवर ठरव, सॉफ्टबॉक्स चढव, अंतर पक्कं कर. हे सगळं झाल्यावर कार्डाचा फोटो काढायचा, आधी नाही.

कॅमेरा मॅन्युअलवर ठेव. शटर १/१२५, आयएसओ १००, एफ ८, किंवा जे तुझ्या लाइटला जमेल ते. लेन्सही मॅन्युअल फोकसवर टाक, कारण कोऱ्या कार्डावर ऑटो फोकसला धरायला काही सापडत नाही आणि तो मागेपुढे भटकत बसतो. कार्ड थोडं धूसर आलं तरी चालतं. चौकटीचा मधला भाग मात्र कार्डाने भरलेला हवा. फोटो काढलास की हिस्टोग्राम बघ. करड्याचा उंचवटा मधोमध यायला हवा. तो उजव्या कडेला जाऊन आपटला असेल तर तांबडा, हिरवा, निळा यांतला एखादा रंग भरून सांडलाय आणि कॅमेऱ्याला उरलेल्यावरून चुकीचं उत्तर मिळणार. पॉवर न बदलता लेन्सचं तोंड थोडं बारीक कर आणि परत काढ.

कॅननमध्ये तो फोटो काढून झाल्यावर मेन्यूत कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये जायचं, तोच फोटो निवडायचा आणि सेट करायचं. इथे बऱ्याच जणी थांबतात. सेट केलं म्हणजे लागू झालं असं नाही गं. व्हाइट बॅलन्सच्या यादीत जाऊन दोन त्रिकोणांचं कस्टमचं चिन्हही निवडावं लागतं, नाहीतर कॅमेरा निवांत ऑटोवरच चालतो. निकॉनमध्ये पीआरई निवडून ती अक्षरं लुकलुकायला लागेपर्यंत बटण दाबून धरायचं आणि मग कार्डावर शटर दाबायचं. जमलं की कॅमेरा स्वतःच 'गुड' म्हणतो, नाही जमलं तर 'नो गुड'. दुसरा कुठलाही कॅमेरा असो, एकच गोष्ट डोळ्यांनी बघून घे: कार्डाचं माप घेताना ट्रिगरने फ्लॅश खरंच उडाला का? तो उडाला नाही आणि कॅमेऱ्याने सॉफ्टबॉक्सच्या आतल्या मॉडेलिंग लॅम्पचा उजेड मोजला, तर सगळा दिवस वाया. बऱ्याच लाइटमध्ये तो लॅम्प हॅलोजनचा असतो, ३००० च्या घरातला. त्याच्यावर बेतलेल्या कॅमेऱ्यासमोर ५५०० चा फ्लॅश उडाला की साडी निळीशार होते.

तू फोनवर म्हणालीस, कार्ड नसलं तर पांढऱ्या ओढणीवर काम भागेल. नाही भागणार, आणि हे कारण जरा समजून घे. आपल्या घरातला पांढरा कपडा नीळ घालून धुतलेला असतो. नीळ म्हणजे निळ्या रंगाची झाकच. त्यात साबणाच्या भुकटीत उजळपणा आणणारी द्रव्यं असतात. डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण ती पितात आणि निळसर उजेड बाहेर टाकतात. फ्लॅशच्या नळीतून अतिनील किरण थोडेफार येतातच, विशेषतः नळीवर लेप नसेल तर. म्हणजे ओढणी तुला शुभ्र दिसते आणि कॅमेऱ्याला निळी. हीच पांढरी असं त्याला सांगितलंस की तो ते निळं काढायला पिवळं वाढवणार. झेरॉक्सच्या कोऱ्या कागदाचंही हेच आहे. कोशावर तर ही चूक फार गोड दिसते, कारण साडी आणखी सोनेरी होते आणि विकणाराही खूश होतो. पार्सल उघडेपर्यंत.

कार्ड घेतल्यावरसुद्धा खोली आपला हात दाखवते. तुझ्या खोलीची ती पोपटी भिंत मला आठवते. सॉफ्टबॉक्समधला उजेड भिंतीवर आपटून साडीवर परत येतो तेव्हा भिंतीचा रंग सोबत घेऊन येतो. घरमालक रंग बदलू देत नसेल तर भिंतीसमोर पांढरा थर्माकोल किंवा काळा कपडा लाव. तू स्वतःही भडक लाल कुर्ता घालून साडीजवळ उभी राहू नकोस. काळा, करडा, पांढरा, यातलं काहीतरी घाल. उन्हाळ्यात कूलर चालावा म्हणून खिडकी उघडी टाकतेस, आणि केशरी पडद्यातून गाळलेलं ऊन थेट पदरावर पडतं. वरची ट्यूबलाइटही चालूच असते. तिच्या उजेडात हिरवट झाक असते, ती सावल्यांमध्ये जाऊन बसते.

हा बाहेरचा उजेड फोटोत घुसतोय का हे ओळखायची खूण सोपी आहे. सगळ्या सेटिंग तशाच ठेवून ट्रिगर बंद कर आणि एक फोटो काढ. तो काळाकुट्ट आला तर चौकटीत फक्त तुझ्या फ्लॅशचं राज्य आहे. साडीचा आकार दिसायला लागला तर ट्यूबलाइट आणि खिडकी तुझ्या फोटोत भागीदार झाल्यात. मग ट्यूब बंद कर, पडदा जाड लाव, किंवा कॅमेरा जितकं सांभाळतो तितकं शटर वाढव. १/१६०, काहींत १/२००, काहींत १/२५० पर्यंत जाता येतं. त्याच्या पुढे गेलीस की फोटोच्या कडेला काळा पट्टा येईल.

आता लाइटबद्दल. तुझ्या दोन लाइटपैकी एक नवा आहे आणि दुसरा तू जुन्या बाजारातून घेतलास. त्या जुन्याच्या सॉफ्टबॉक्सचं कापड नव्याशेजारी धरून बघ. वर्षानुवर्षं लॅम्पची धग आणि धूळ खाऊन ते पिवळं पडलेलं असणार. आणि दोन लाइट दोन रंगांचे असतील तर कस्टम व्हाइट बॅलन्स काहीच करू शकत नाही. तो फार तर दोघांच्या मधला आकडा धरेल, मग साडीची डावी बाजू निळसर आणि उजवी पिवळसर. इथे सॉफ्टवेअरही हात टेकतं. उपाय लाइटवरच करायचा: कापड बदल, दोन्हीला एकाच जातीचे सॉफ्टबॉक्स लाव, नाहीतर निळसर लाइटवर फिकट केशरी जेल चढव. लग्नाच्या हॉलमध्ये पिवळ्या बल्बच्या उजेडात फ्लॅश वापरताना हेच करतात. फ्लॅशवर पूर्ण सीटीओ, म्हणजे गडद केशरी, जेल लावलं की तो सुमारे ३२०० वर उतरतो, मागचे दिवे आणि नवरीचा चेहरा एका रंगात येतात, आणि मग कॅमेऱ्याला एकच पांढरं सांगता येतं.

पॉवरचंही एक ध्यानात ठेव. काही लाइटमध्ये पॉवर कमी करताना आतला विजेचा दाब कमी होतो, तेव्हा उजेड थोडा पिवळसर होतो. आयजीबीटी तंत्राच्या लाइटमध्ये उजेडाचं शेपूट मध्येच कापलं जातं, आणि त्या शेपटातच पिवळं असतं. म्हणून तिथे पॉवर उतरवली की उजेड निळसर होतो. तुझा नवा आणि जुना लाइट असे विरुद्ध दिशांना जाणारे असतील तर गंमतच. म्हणून पॉवर बरीच हलवलीस, छत्री काढून सॉफ्टबॉक्स लावलास, नळी बदललीस, खोली बदललीस, की कार्ड परत पुढे करायचं. रील काढायला जो एलईडी लावतेस त्याचं माप वेगळं घे आणि फ्लॅशमध्ये त्याला मिसळू नकोस. स्वस्त एलईडीत हिरवी झाक असते आणि लाल रंग मेल्यासारखा येतो. साडीच्या काठाला ते अजिबात परवडत नाही.

हे फक्त साड्यांचं नाही. काटोलकडच्या त्या बागवाल्यांचं काम तुला मिळतंय म्हणालीस. संत्र्यांचा ढीग म्हणजे ऑटोची परीक्षाच. अंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतात. तेव्हा सालीवर हिरवट पिवळं आणि केशरी शेजारी शेजारी असतं, आणि घेणारा व्यापारी नेमका तोच फरक बघतो. ऑटोने निळं मिसळलं की पिकलेलं फळ कच्चट दिसतं. चुकून पिवळं-लाल वाढलं की कच्चं फळ पिकलेलं दिसतं, आणि व्यापाऱ्याची फसवणूक होते. कार्ड ठेवून काढलेला फोटो दोघांनाही एकच गोष्ट सांगतो.

चेहऱ्यांबद्दल तर मला जास्त कळकळीने सांगायचंय. कंपनीच्या सरासरी आकड्यांचा सगळ्यात जास्त मार आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर बसतो. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी लॅबवाल्यांना रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो पाठवायची, त्याला शर्ली कार्ड म्हणत. मशिन त्या गोऱ्या कातडीवर जुळवलं जायचं, आणि जगभरातल्या काळ्यासावळ्या माणसांचे चेहरे करपलेले किंवा मातकट छापून यायचे. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेलं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं. आपल्या मराठी माणसांनीही परक्या लॅबच्या भरवशावर रंग सोपवून बघितला होता. प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली 'सैरंध्री' चित्रपटाच्या रंगीत प्रती जर्मनीत करून घेतल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. त्याचे दिग्दर्शक व्ही. शांतारामबापूंसारख्या माणसालाही तेव्हा दुसरा इलाज नव्हता. तुझ्याकडे आज तो इलाज बोटाखाली आहे. पासपोर्टच्या फोटोला आलेली मुलगी असो की साखरपुड्याचे फोटो काढायला आलेली, कार्ड धरून तिचा खरा वर्ण आधी घे. मग आई मागून म्हणेल, "जरा गोरी करून द्या." त्या मुलीसमोर हो म्हणू नकोस गं. तिला आधी स्क्रीनवर नीट रंगातला फोटो दाखव. गव्हाळ, सावळी कातडी खऱ्या रंगात आणि चांगल्या उजेडात किती देखणी दिसते, हे कित्येक मुलींनी स्वतःच्या फोटोत कधी बघितलेलंच नसतं. चेहऱ्याला किंचित ऊब द्यावीशी वाटली तर दोन-तीनशे केल्विन नंतर वाढव, ती तुझी आवड. साडीच्या बाबतीत मात्र तेवढीही मोकळीक घेऊ नकोस.

तू म्हणशील, मी रॉमध्ये काढते, नंतर बदलता येतं. येतं की. दर मांडणीचा पहिला फोटो कार्डासकट काढ, सॉफ्टवेअरच्या ड्रॉपरने कार्डावर टिचकी मार आणि तीच सेटिंग बाकीच्या फोटोंना लाव. शंभर साड्या असल्या तरी काम झटपट उरकतं. पण तरीही कॅमेऱ्यात कस्टम करूनच सुरुवात कर. साडीवाले दादा तुझ्या खांद्यावरून मागची स्क्रीन बघत असतात. त्यांनी तिथे राखाडी कोसा बघितला की त्यांचा विश्वास उडतो, आणि "आत्ताच व्हॉट्सॲपवर टाका" म्हटलं की जेपेगच जातं.

रंग जुळला का हे तपासायचं तर साडी हातात घेऊन सकाळच्या उजेडात खिडकीशी जा, पण त्या केशरी पडद्याच्या खिडकीशी नको. रात्री ट्यूबखाली जुळवलेला रंग सकाळी हमखास फसवतो. फोनचा 'आय कम्फर्ट' बंद आहे ना तेही बघ. संध्याकाळ झाली की तो स्क्रीन आपोआप पिवळी करतो, आणि तू बरोबर आलेल्या फोटोत उगाच निळं मिसळत बसशील.

साड्यांचा पुढचा गठ्ठा यायच्या आत एवढं कर. खोलीत अंधार कर, कॅमेरा ऑटोवरून काढून ५५०० केल्विनवर पक्का ठेव आणि कार्डाचे दोन फोटो काढ, एक फक्त नव्या लाइटने आणि एक फक्त जुन्याने. पॉवर दोन्हींची तीच ठेव जी साड्यांना वापरतेस. मूळ फाइल मला मेलवर पाठव, व्हॉट्सॲपवर नको. दोन्हींच्या रंगात किती अंतर पडतंय ते बघून मी सांगते, जुन्याचं नुसतं कापड बदलायचं की त्याला पार्श्वभूमीच्या कामावर बसवायचं.